स्वयंपाकघराच्या दाराशी देखणी परसबाग

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

"साताऱ्याच्या बाहेरच्या बाजूला गेल्या वर्षी आम्ही बैठे घर बांधले. स्वयंपाकघराचे दार पूर्वेला उघडते आणि त्यासमोर पूर्व-पश्चिम ३० फूट, दक्षिणोत्तर २४ फूट अशी मोकळी जागा आहे. दार दक्षिणेकडच्या कुंपणापासून साधारण दहा फुटांवर येते. त्या कुंपणाला लागूनच शेजाऱ्यांच्या गोदामाची दहा फूट उंचीची भिंत आहे, उत्तरेला रस्ता आहे. जमीन काळी, पाणी बोअरचे. मला येथे भाजीची बाग करायची आहे. यजमानांचे म्हणणे असे की भाजीची बाग म्हणजे पसारा, त्यापेक्षा सरळ लॉन करावे. मुलाने फ्रान्समधील व्हिलांद्री येथील बागेची छायाचित्रे पाठवली आणि 'अशी करा' असे कळवले. सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, पण त्यांना बागेत काम करायचे आहे. बाग सुंदर दिसणे आणि रोजची भाजी मिळणे हे दोन्ही साधेल का, आणि सुरुवात कोठून करावी?"

सप्रेम नमस्कार.

दोन्ही निश्चित साधेल. मात्र त्याआधी तुमच्या यजमानांच्या आक्षेपाला न्याय द्यायला हवा, कारण तो निराधार नाही. आपल्याकडच्या बहुतेक भाजीच्या बागा चार महिने डोळ्यांत भरतात आणि उरलेले आठ महिने डोळ्यांत खुपतात. मेथी महिन्याभरात उपटली जाते आणि वाफा उघडा पडतो, भेंडी आश्विनात जून होऊन उभीच्या उभी वाळते, वेलाला आधार म्हणून जुन्या पाइपचे तुकडे, सुतळी आणि साडीचे काठ बांधलेले असतात, आणि कोपऱ्यात रंगाच्या रिकाम्या डब्यांची रांग लागते. यात दोष भाजीचा नसून योजनेचा असतो. भाजीपाला हा मुळात दोन-चार महिन्यांचा असल्यामुळे बागेच्या देखणेपणाचा भार त्याच्यावर टाकता येत नाही. तो भार बारमाही जागेवर राहणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे वाटा, वाफ्यांच्या कडा, मांडव आणि मोजकी कायमची झाडे यांनी उचलला पाहिजे. ही चौकट नीट बसली की वाफ्यात कोबी असो, नुकती टोकलेली गवार असो की नुसती भुसभुशीत माती असो, बाग नीटनेटकीच दिसते.

तुमच्या मुलाने पाठवलेल्या छायाचित्रांतही नेमके हेच आहे. व्हिलांद्रीचा वाडा जोआकिम कार्व्हालो यांनी १९०६ मध्ये विकत घेतला आणि त्याभोवतीच्या बागा जुन्या धर्तीवर पुन्हा उभ्या केल्या. तेथील भाजीच्या बागेत सारख्या आकाराचे नऊ चौरस आहेत, प्रत्येकातील वाफ्यांची नक्षी वेगळी आहे आणि कडांना बॉक्सवूडची कातरलेली बुटकी कुंपणे आहेत. भाजीची लागवड वर्षातून दोनदा संपूर्ण बदलली जाते. डोळ्यांना जे भावते ते मात्र त्या न बदलणाऱ्या चौरसांमुळे. तेथून घ्यायचे ते एवढेच. बॉक्सवूडच्या वाटेला आपण जाऊ नये, कारण ते थंड हवामानाचे झुडूप आहे. शिवाय तेथे पगारी माळ्यांचे पथक आहे, तुमच्याकडे तुम्ही आणि सासूबाई. तेव्हा नक्षी नको, सरळ रेषा आणि काटकोन पुरेत.

रोपे आणण्यापूर्वी, किंबहुना एकही कुदळ मारण्यापूर्वी, उन्हाचा हिशेब करावा लागेल. तुम्ही पत्र फेब्रुवारीत लिहीत आहात आणि आत्ता दिसणारे ऊन वर्षभराचे ऊन नव्हे. साताऱ्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर असतो. त्यामुळे गोदामाच्या दहा फुटी भिंतीची सावली त्या दिवसांत मध्यान्हीलाच जवळजवळ पावणेनऊ फूट आत येते आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब पडते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मात्र सूर्य थेट डोक्यावर येतो, तेथून जुलैअखेरपर्यंत तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडेच असतो, आणि तीच दक्षिणेची पट्टी तेव्हा उन्हात न्हाऊन निघते. याचा अर्थ असा की तुमच्या जागेतील दक्षिणेकडचे साडेआठ फूट हे हिवाळी भाज्यांसाठी निरुपयोगी आणि पावसाळी पिकांसाठी उत्तम आहेत. टोमॅटो, वांगी, मिरची यांसारख्या फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागते, पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवून घेतात आणि हळद, आले, अळू यांना विरळ सावली मानवते. पश्चिमेला तुमचे घरच असल्याने मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास घराची सावली जवळजवळ अर्ध्या बागेवर आलेली असेल. ही तुमच्या जागेची मोठी जमेची बाजू आहे, कारण उन्हाळी भाजी करपते ती उतरत्या उन्हाने.

आता आखणी. घराच्या जोत्यालगत तीन फूट रुंदीचा पट्टा फरशीचा ठेवा आणि तेथे वाफा मुळीच करू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते व वाळताना आक्रसते, त्यामुळे जोत्याशी रोज पाणी घातल्यास पायाला आणि पुढे भिंतींना तडे जाण्याची भीती असते. शिवाय दाराशेजारी दाट पाला नसला की विंचू-सापाची धास्तीही कमी राहते. या पट्ट्यापासून पूर्वेला, दाराच्या सरळ रेषेत, तीन फूट रुंदीची मुख्य वाट काढा. खताची हातगाडी सहज जावी आणि दोन माणसांना एकमेकांना ओलांडता यावे यासाठी एवढी रुंदी लागते, आणि घाईत असताना तुम्ही ज्या रेषेत चालणार तीच वाट असली की वाफे तुडवले जात नाहीत. वाटेच्या दक्षिणेला सावलीची साडेआठ फुटी पट्टी राहते. उत्तरेला साडेबारा फूट उरतात. त्यांत प्रत्येकी चार फूट रुंद आणि आठ फूट लांब असे चार वाफे, लांबी दक्षिणोत्तर ठेवून, मध्ये दोन-दोन फुटांच्या वाटा सोडून आखा. त्यापलीकडे दीड फुटाची आडवी वाट आणि अगदी रस्त्याच्या कुंपणालगत तीन फुटांची वेलांची पट्टी बसते. वाफ्याची रुंदी चार फुटांहून वाढवण्याचा मोह टाळा, कारण दोन्ही बाजूंनी हात घालून मधल्या रोपापर्यंत पोहोचता आले पाहिजे. वाफ्यात एकदा पाय पडू लागला की काळ्या मातीची ढेकळे होण्यास वेळ लागत नाही.

दाराच्या सर्वांत जवळचा वाफा सासूबाईंचा. तो चारऐवजी तीनच फूट रुंद घ्या आणि त्याची कडा दीड फूट उंच, वर फूटभर रुंदीची दगडी पट्टी देऊन बांधा, म्हणजे त्यांना पट्टीवर बसून, गुडघे न वाकवता खुरपता येईल. कोथिंबीर, हिरवी मिरची, कांदापात, शेपू, लसणाची पात असे जे फोडणी तडतडत असताना आठवते ते सगळे याच वाफ्यात असावे. दारापासून दहा पावलांवरची कोथिंबीर रोज खुडली जाते. कुंपणाजवळची कोथिंबीर फुलावर गेल्यावरच दृष्टीस पडते. पुदिना मात्र या वाफ्यात लावू नका. तो जमिनीखालून धावतो आणि वर्षभरात सगळा वाफा गिळतो; त्याला कुंडीत ठेवून मुख्य वाटेच्या दक्षिण कडेला, नळाजवळ जागा द्या.

उरलेल्या तीन वाफ्यांच्या कडा नऊ ते बारा इंच उंच असाव्यात. ही उंची केवळ शोभेसाठी नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, आणि तुमच्या साताऱ्यात साधारण हजार. पण त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडत असल्याने सपाट काळ्या जमिनीत आषाढात मुळे गुदमरतात व मर रोग शिरतो. कडेसाठी कोणताही एकच जिन्नस निवडा आणि सगळीकडे तोच वापरा. तुमच्या भागात घडीव काळा दगड सहज मिळतो व तो घराच्या जोत्याशी जुळतोही. तो परवडत नसेल तर चांगल्या भाजलेल्या विटा उभ्या रोवून लावाव्यात. एका वाफ्याला वीट, दुसऱ्याला सिमेंटचा ठोकळा, तिसऱ्याला उलट्या बाटल्या अशी मिसळ झाली की यजमानांचे म्हणणे खरे ठरलेच म्हणून समजा. वाटांवर काँक्रीट ओतू नका. मुरूम दाबून, त्यावर कच पसरून शहाबादी फरशी मोकळ्या सांध्यांनी बसवली की पावसाचे पाणी जागीच मुरते आणि पुढे एखादा वाफा हलवायचा झाला तर फरशी उचलून पुन्हा लावता येते.

मातीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाग दिसायला कशीही आखली तरी टिकते ती मातीवर. काळी माती कसदार असते, पाणी धरून ठेवते, पण हवा खेळू देत नाही. मार्च-एप्रिलमध्ये वाफे फूटभर खोल खणून ढेकळे तशीच उन्हात तापू द्यावीत. ऊन आणि वळवाची एखादी सर यांनी ती आपोआप फुटतात. त्यानंतर पूर्ण कुजलेल्या शेणखताचा दोन इंचांचा थर, म्हणजे ३२ चौरस फुटांच्या वाफ्यात साधारण दहा-बारा घमेली, वरच्या सहा इंचांत मिसळावा. अर्धवट कुजलेले शेण स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण त्यातून मुळे खाणारी हुमणी अळी आणि वाळवी येते. पोयटा, म्हणजे नदीकाठची गाळाची माती, मिळाल्यास तो वाफे उंचावण्यासाठी उपयोगी पडेल. काळ्या मातीत नुसती वाळू मिसळून ती हलकी होईल अशी समजूत प्रचलित आहे, परंतु थोड्याशा वाळूने काहीच साधत नाही आणि फार वाळूने कस उतरतो. पावसाळ्यात वाफसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल ओसरून माती बेताची ओली झाल्याशिवाय, मातीला हात लावू नये, हे सासूबाईंना सांगण्याची गरज नाही. तुम्हाला आणि मुलाला आहे. बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत हे मात्र एकदा तपासून घ्या. जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रात किंवा मृदा चाचणी प्रयोगशाळेत माती व पाणी दोन्हींची तपासणी होते, आणि पाणी खारट निघाले तर घेवडा, गाजर यांसारख्या नाजूक पिकांवर वर्षभर कष्ट वाया घालवण्याऐवजी पालक, बीट यांसारखी क्षार सोसणारी पिके निवडता येतात.

उत्तरेच्या पट्टीवर, शेजारची दीड फुटी वाट पोटात घेऊन, सात फूट उंचीचा मांडव उभारावा. बागेत सर्वांत अधिक खर्च करायचा असेल तर तो येथे करावा, कारण मांडव हीच तुमच्या बागेची भिंत, छत आणि दर्शनी बाजू आहे. उत्तरेला असल्यामुळे त्याची हिवाळ्यातील सावली वाफ्यांवर न पडता रस्त्याकडे जाते, आणि रस्त्यावरची नजर व धूळही अडते. खांब लोखंडी पाइपचे, वरचे आडवे बांबूंचे. बांबू दर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागतील हे गृहीत धरा. एका टोकाला तोंडली लावा, ती एकदा जम बसली की अनेक वर्षे देते; तिचे बी नव्हे, छाट लावतात. मधल्या भागात पावसाळ्यात दोडका आणि पडवळ, दुसऱ्या टोकाला मायाळू, जिचे लालसर देठ आणि मांसल पाने कोणत्याही शोभेच्या वेलीला हार जात नाहीत. दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात, दुधीची पांढरी फुलेही त्याच वेळी, आणि पडवळाची झालर असलेली फुले तर रात्रीची, पतंगांसाठी. म्हणून मांडवाच्या घराकडच्या टोकाला, जोत्याच्या फरशीवर, एक साधा बाक ठेवा; भाजीची बाग दिवेलागणीला सर्वांत देखणी दिसते हे यजमानांना तेथे बसल्याशिवाय पटणार नाही. घोसाळे, कारले आणि लाल भोपळा यांची फुले मात्र सकाळी उमलतात. मधमाश्या कमी असतील तर भोपळ्याचे नरफूल तोडून मादीफुलावर सकाळी नऊच्या आत हाताने फिरवावे लागते, आणि हे काम नातवंडे आनंदाने करतात.

कायमच्या झाडांत हात आखडता ठेवा. ईशान्य कोपऱ्यात एक कागदी लिंबू, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'साई सरबती' ही जात मिळाल्यास उत्तम. जोत्याच्या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला एक कढीपत्ता, तोही जमिनीत न लावता मोठ्या कुंडीत. आणि दक्षिण पट्टीच्या कडेने गवती चहाची तीन-चार ठोंबे, एवढे पुरे. लिंबू आणि कढीपत्ता या दोन्हींवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी व मोठी झाल्यावर हिरवी होणारी अळी येते. ती फुलपाखराची असते, दोन-चार असतील तर हाताने उचलून बाजूला टाकावी, फवारा मारू नये. शेवगा हवा असे तुम्ही लिहिलेले नाही, पण कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो की या तुकड्यात तो नको. त्याचे लाकूड ठिसूळ असते, वाऱ्याने फांद्या मोडून मांडवावर येतात, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात, जे स्वयंपाकघराच्या दाराशी कोणालाही आवडणार नाहीत. शेवग्याला रस्त्याकडे, फाटकाबाहेर जागा असेल तर खुशाल लावावा.

दक्षिणेच्या सावलीच्या पट्टीत जूनच्या सुरुवातीला हळद आणि आले लावा. हळदीची रुंद पाने श्रावण-भाद्रपदात गोदामाची भिंत पार झाकून टाकतात, पातोळ्यांना पाने घरचीच मिळतात, आणि भिंतीची सावली लांब पडते त्या पौष-माघात हळद काढणीला येते. म्हणजे जागेचा दोष पिकाच्या सोयीचा होतो. नळाजवळच्या ओलीत अळू असावे. स्वयंपाकघरातील धुण्याचे पाणी बाहेर काढता येत असेल तर ते आधी कर्दळीच्या वाफ्यातून नेऊन अळू-केळीला द्यावे, पण भांड्यांच्या साबणाचे पाणी कच्च्या खाण्याच्या पालेभाजीवर कधीही सोडू नये. या पट्टीच्या आग्नेय कोपऱ्यात खताचे दोन खड्डे किंवा विटांचे दोन हौद, एक भरत असताना दुसरा मुरत राहील असे, आणि समोर हळदीचाच आडोसा. पाइप, खुरपी, घमेली, जुनी पोती यांची जागाही तेथेच. अवजारांना ठरावीक जागा नसणे हे पसाऱ्याचे अर्धे कारण असते.

आता वाफ्यांत काय घ्यायचे, तर सर्वसाधारण नियम सांगून थांबतो, कारण हे तुमच्या घरातील आवडीनिवडीवर ठरेल. पावसाळ्यात भेंडी, गवार, वांगी, मिरची, चवळी. ऑक्टोबरपासून मेथी, पालक, चाकवत, मुळा, गाजर, नवलकोल, कोबी, टोमॅटो, घेवडा. फेब्रुवारीनंतर पुन्हा भेंडी, गवार, काकडी आणि तांदुळजा-माठ. वांगी, टोमॅटो, मिरची व बटाटा ही एकाच कुळातील असल्यामुळे एका वाफ्यात लागोपाठ घेऊ नयेत. त्यांच्या जागी पुढच्या हंगामात घेवडा किंवा चवळी आणि त्यामागून पालेभाजी असा फेर ठेवावा. मेथी-कोथिंबीर पूर्ण वाफ्यात एकदम पेरण्याची चूक जवळजवळ प्रत्येक घरी होते. एक फूट रुंदीची पट्टी पेरा, दहा-बारा दिवसांनी दुसरी, पुन्हा तेवढ्याच दिवसांनी तिसरी. म्हणजे सगळी मेथी एकाच आठवड्यात शेजाऱ्यांना वाटावी लागत नाही आणि वाफा एकदम बोडका होत नाही. कोपऱ्यातील एका ट्रेमध्ये वांगी, टोमॅटो, कोबीची रोपे नेहमी तयार असावीत, जेणेकरून एखादे पीक उपटले त्याच दिवशी दुसरे लागेल.

रंगांची चिंता करू नका, ते भाजीत आहेतच, केवळ शेजार नीट निवडला पाहिजे. लाल माठाच्या पट्टीशेजारी पालक, जांभळ्या वांग्याभोवती कांदापात, नवलकोलाच्या निळसर पानांमागे शेपूची पिसाऱ्यासारखी पाने अशा जोड्या लावा. फुलांसाठी झेंडू पुरेसा आहे आणि त्याचे येथे कामही आहे. त्याच्या मुळांमुळे सूत्रकृमी (पिकाच्या मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी) आटोक्यात राहतात, आणि उंच आफ्रिकन झेंडू टोमॅटोजवळ असला तर फळ पोखरणाऱ्या अळीचे पतंग त्याच्या कळ्यांवर अंडी घालण्यास पसंती देतात. तीनही वाफ्यांच्या मुख्य वाटेकडील टोकाला झेंडूची एकेक ओळ एकसारखी लावली की व्हिलांद्रीची शिस्त आणि दसऱ्याचे तोरण दोन्ही मिळतील. बॉक्सवूडच्या बुटक्या कडेची हौस असेल तर हिवाळ्यात लसूण किंवा कांदा आणि पावसाळ्यात सब्जा ओळीत लावून ती भागवता येते.

बियाण्याबाबत दोन गोष्टी. संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी धरता येत नाही, कारण त्याची संतती एकसारखी निघत नाही. सरळ वाणाचे धरता येते. भेंडीत परभणीच्या कृषी विद्यापीठाचा 'परभणी क्रांती' हा पाने पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला तोंड देणारा म्हणून निवडलेला सरळ वाण आहे, काकडीत राहुरीची 'हिमांगी', वांग्यात 'मांजरी गोटा'. याशिवाय सासूबाईंच्या माहेरी अजून कोणी वाल-घेवड्याचे, पडवळाचे गावठी बी राखून असेल तर ते अवश्य मागवा. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती असेच गावठी बियाणे जपून, वाढवून इतरांना दिल्याबद्दल, आणि त्यांचे कामही घरच्या परसातूनच सुरू झालेले आहे.

पाणी ठिबकने द्यावे. प्रत्येक वाफ्यावर तीन नळ्या आणि दारापाशी एकच चावी. भर उन्हाळ्यात ३२ चौरस फुटांच्या वाफ्याला रोज साधारण पंधरा लिटर पाणी लागेल. आच्छादन असेल तर त्याहून कमी, आणि तुमच्या भागात उसाचे पाचट मुबलक मिळते, त्याचे बारीक तुकडे करून दोन इंच जाडीचा थर रोपांभोवती पसरावा. पाचटामुळे तण दबते, माती भेगाळत नाही आणि सगळ्या वाफ्यांना एकच सोनेरी रंग येतो, ही शोभेची गोष्ट फुकटात पदरी पडते. मावा, तुडतुडे दिसू लागताच निंबोळी अर्क फवारावा. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड या प्रमाणात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून तो संध्याकाळी मारावा. दुकानातील विषारी औषध ताटात जाणाऱ्या पालेभाजीवर मारायचे असेल तर मग बाजारातलीच भाजी आणलेली काय वाईट?

राहिला प्रश्न लॉनचा. त्याला माझा विरोध सौंदर्याच्या दृष्टीने नाही. आपल्याकडच्या घरगुती हिरवळींत बहुधा हरळीचेच एखादे वाण असते आणि हरळी एकदा वाफ्यात शिरली की तिचे धागे फरशीखालून, विटांच्या फटींतून कायम येत राहतात. गणपतीला दूर्वा घरच्या मिळतील, पण खुरपे हातातून सुटणार नाही. यजमानांना हिरवळ हवीच असेल तर ती घराच्या पुढच्या अंगणात करावी आणि मागे तिचा तुकडाही आणू नये.

पहिल्या वर्षी सगळे एकदम करू नका. मार्चअखेर वाटा व कडा आखून बांधून घ्या, मांडवाचे खांब रोवा, आणि पावसाळ्यात सासूबाईंचा वाफा, त्याशेजारचा एक वाफा, मांडव आणि हळदीची पट्टी एवढेच लावा. उरलेल्या दोन वाफ्यांत जूनमध्ये ताग पेरून तो फुलावर येण्याच्या सुमारास, साधारण सहा-सात आठवड्यांनी, मातीत गाडावा; पिवळ्या फुलांच्या कळ्या धरलेला ताग रिकाम्या वाफ्यापेक्षा कितीतरी बरा दिसतो, आणि हिवाळी भाजीला माती तयार होते. आत्ता लगेच करण्याचे काम एकच आहे. चांगले कुजलेले शेणखत एक ट्रॉली सांगून ठेवा आणि रस्त्याकडचे कुंपण घालण्यापूर्वीच, किंवा त्याचा एक भाग उघडा ठेवून, ते आत उतरवून घ्या. मृगाची पहिली सर पडल्यानंतर काळ्या जमिनीत ट्रॉलीचे चाक वळत नाही, आणि मग दहा-बारा घमेल्यांचा प्रत्येक वाफा डोक्यावरून वाहून भरावा लागतो.